ग्रॅव्हल सायकलसाठी चाकाचा साइज आणि टायर कसे निवडायचे: मुरूम, खडी, जांभा आणि काळ्या मातीच्या हिशोबाने

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी, घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो ७०० सी घेऊ का ६५० बी (चाकाचे दोन साइज, पहिला मोठा), आणि लगेच दुसरा, टायर कुठल्या कंपनीचा. माझ्या मते हे दोन्ही नंतरचे प्रश्न आहेत. आधी ठरवायची ती टायरची रुंदी, आणि ती ठरते तुम्ही ज्या रस्त्यावर नेहमी जाणार त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून. चाळीस किलोमीटरच्या राइडमध्ये तीस किलोमीटर डांबर असलं तरी टायर फाटतो तो उरलेल्या दहातच, त्यामुळे हिशोब त्या दहाचा करायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, मधली उडी मारू नका, कारण पुढची पायरी मागच्या उत्तरावर उभी आहे.

पायरी १: आपला रस्ता नीट ओळखा

परदेशी व्हिडिओत जे "ग्रॅव्हल" दिसतं ते बहुतेक वेळा सपाट, रोलर फिरवलेलं, बारीक खड्यांचं असतं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो दाबलेला मुरूम. नीरेसारख्या कालव्यांच्या कडेने जाणाऱ्या वाटा, धरणांच्या बॅकवॉटरचे रस्ते, नीट केलेले पाणंद रस्ते हे सगळं यात येतं. इथे ३५ ते ४० मिमीचा टायर आरामात चालतो, त्याहून जाड घेतला तर काही बिघडत नाही पण गरजही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खडी पसरून ठेवलेला आणि डांबराची वाट बघत पडलेला रस्ता, आणि घाटमाथ्यावरच्या गाडवाटा. आपला दगड बेसाल्ट, फोडला की धारदार कडा निघतात, आणि त्या कडा टायरच्या मधल्या जाड भागाला फारसं काही करत नाहीत पण बाजूची भिंत, साइडवॉल, सरळ चिरतात. इथे ४० च्या खाली जाऊ नका, ४५ असेल तर उत्तम. जास्त हवा मावते, रिमला दणका बसत नाही आणि सैल खडीवर पुढचं चाक घसरण्याआधी थोडी सूचना मिळते.

कोकणात आणि गोव्यात जांभा. कोरडा असताना जांभ्याच्या सड्यावरून सायकल चालवण्याची मजा वेगळीच आहे, खडबडीत असतो आणि ग्रिप भरपूर देतो, पण सतत थरथर होते म्हणून जाड टायर हाताला आणि कमरेला बरा. पावसात मात्र त्यावर शेवाळ धरतं आणि मग कितीही गुठळ्या (टायरवरचे उंच दाणे) असलेला टायर असला तरी घसरतो, तिथे हवा कमी करणं आणि वळणावर ब्रेक न लावणं एवढंच हातात असतं.

आणि काळी माती. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडच्या लोकांना सांगायला नको. कोरडी असताना एकदम झकास, जवळजवळ डांबरासारखी पळते, पण एक सर पडली की टायरला चिकटून थर वाढत जातो आणि फ्रेममध्ये अडकून चाक फिरायचंच थांबतं. यावर टायर हा उपायच नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून एक २०० मैलांची शर्यत होते, आता तिला अनबाउंड ग्रॅव्हल म्हणतात, तिथे २०२३ ला सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिकट चिखल लागला की जगातले चांगले चांगले रायडर सायकल खांद्यावर घेऊन चालत होते आणि कित्येकांचे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटले. त्यांच्याकडे जगातले सगळे टायर होते. तेव्हा पावसाळ्यात काळ्या मातीचा तुकडा असेल तर रूट बदला, मुरुमाने किंवा डांबराने वळसा घाला.

त्याच शर्यतीतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिथल्या टेकड्यांत गारगोटीसारखा धारदार दगड आहे आणि सुरुवातीच्या काळात लोक ३८-४० मिमीवर पळायचे, आता काही आघाडीचे रायडर माउंटन बाइकचे २.१, २.२ इंची टायर लावायला लागलेत. जाड टायर म्हणजे स्लो हा समज खडबडीत रस्त्यावर टिकत नाही, कारण बारीक टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि त्या उडण्यात ताकद वाया जाते.

पायरी २: फ्रेममध्ये किती मावतं ते मोजा

कंपनीच्या वेबसाइटवर मॅक्स टायर लिहिलेला असतो तो बघा, पण जुनी किंवा सेकंडहँड सायकल असेल तर स्वतः मोजा. सोपी युक्ती: आता असलेल्या टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि टायर आणि फ्रेमच्या मधून ६ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) सरकवून बघा. चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) दोन्ही बाजूंनी, सीटस्टेला (त्याच्या वरच्या नळ्या), फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) बाजूने आणि वरून. सगळीकडून की आरामात गेली तर थोडा जाड टायर बसायला वाव आहे, कुठे घासली तर नाही. कोरड्यात ४ मिमी मोकळी जागा असली तरी निभावतं, चिखल-खड्यांसाठी ६ धरा. मडगार्ड लावणार असाल तर अजून जास्त.

टायरवर ४० लिहिलंय म्हणून तो ४० च भरेल असं नाही. रिमची आतली रुंदी जास्त असेल तर तोच टायर पसरतो, २५ मिमीच्या रिमवर ४० चा टायर ४१-४२ भरू शकतो. ग्रॅव्हलसाठी आतली रुंदी २१ ते २५ मिमी चांगली. जुन्या रोड बाइकच्या १५-१७ मिमीच्या रिमवर ४५ चा टायर लावला तर कमी हवेत तो वळणावर डुलतो, मजा येत नाही.

पायरी ३: आता चाकाचा साइज

इथे गोंधळ होतो तो आकड्यांमुळे, म्हणून टायरच्या बाजूवर ४०-६२२ किंवा ४७-५८४ असा आकडा शोधा आणि फक्त त्याच्यावर विश्वास ठेवा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी म्हणजे ६२२. माउंटन बाइकचं २९ इंच म्हणजे पण ६२२ च. ६५० बी म्हणजे ५८४ आणि २७.५ इंच म्हणजे पण ५८४. जुनं २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) ५५९.

आणि आपल्याकडची खास भानगड: गावातल्या दुकानात "२८ साइज" मागितला तर दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ × १½ मिळतो, तो ६३५ असतो. ७०० सी च्या रिमपेक्षा १३ मिमी मोठा, बसणारच नाही. उलट काही युरोपियन ७०० सी टायरवर पण "२८ × १.६०" असं छापलेलं असतं. म्हणून दुकानात आकडा सांगताना ६२२ सांगा, नाहीतर रिम सोबत घेऊन जा.

आता निवड. बाहेरचा एकूण व्यास काढायचा तर रिमचा आकडा अधिक टायरच्या रुंदीची दुप्पट, ढोबळमानाने. ७०० × ४० म्हणजे ६२२ अधिक ८०, ७०२ मिमी. ६५० बी × ४७ म्हणजे ५८४ अधिक ९४, ६७८ मिमी, आणि गंमत म्हणजे ७०० × २८ चा पण ६७८ च येतो. म्हणजे ६५० बी ची सगळी कल्पनाच ही आहे की रोड बाइकच्या चाकाएवढ्याच उंचीत जाड टायर बसवायचा. मग कोणी काय घ्यायचं?

तुमच्या फ्रेममध्ये ७०० सी ला ४२-४५ बसत असेल तर ७०० सी च घ्या, फार विचार करू नका. मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं, वेग धरून ठेवतं, आणि टायरची निवड इथेच जास्त आहे. नवीन फ्रेममध्ये ७०० सी ला ४५-५० पर्यंत जागा यायला लागल्यापासून ६५० बी ची गरजच कमी झालीय.

६५० बी ला अर्थ आहे तो दोन लोकांसाठी. एक, ज्यांच्या फ्रेममध्ये ७०० सी चा जास्तीत जास्त ३५-३८ च बसतो पण रस्ता खडीचा आहे. दोन, ज्यांची उंची कमी आहे. छोट्या फ्रेमवर ७०० सी चं पुढचं चाक वळताना पायाच्या बोटांना लागतं, चढावर हळू वळताना हे धोकादायक असतं, म्हणूनच काही कंपन्या सगळ्यात छोट्या साइजला कारखान्यातूनच ६५० बी देतात. ६५० बी लावल्यावर सायकल खाली येते, वरच्या उदाहरणात १२ मिमीने, त्यामुळे दगडातून पेडल मारताना पेडल टेकतं का ते बघा. गिअर तीन-साडेतीन टक्के हलके पण होतात, घाटात याचा थोडा फायदाच.

चाकाचा साइज बदलणं फक्त डिस्क ब्रेकवाल्यांना जमतं. रिम ब्रेक असेल तर ब्रेकचे पॅड छोट्या रिमपर्यंत पोचतच नाहीत, विषय संपला. डिस्क असेल तर नवीन चाक घेताना ॲक्सल (बहुतेक ग्रॅव्हल बाइकना पुढे १२ × १००, मागे १२ × १४२), रोटर (ब्रेकची चकती) सेंटरलॉक, म्हणजे एकाच रिंगने बसणारा, आहे का सहा बोल्टचा, आणि मागच्या कॅसेटला (गिअरच्या चकत्यांचा संच) लागणारी फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते तो भाग, या तीन गोष्टी जुळवून घ्या.

पायरी ४: गुठळ्या किती, आणि भिंत किती जाड

यावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, मला ही बाब रुंदीपेक्षा कमी महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कुठलाही ग्रॅव्हल रस्ता गाठायला आधी डांबर तुडवावं लागतं, त्यामुळे मधे गुळगुळीत किंवा बारीक दाणे आणि कडेला गुठळ्या असलेला टायर बहुतेकांना वर्षभर पुरतो. पॅनारेसर ग्रॅव्हलकिंग एसके, मॅक्सिस रॅम्बलर, श्वाल्बे जी-वन, काँटिनेंटल टेरा स्पीड ही सगळी याच्या आसपासची नावं आहेत. मोठ्या गुठळ्या फक्त सैल मातीच्या चढ-उतारांवर कामाच्या, डांबरावर त्या घरघर करतात आणि लवकर झिजतात. पुढे थोडा जास्त ग्रिपवाला आणि मागे थोडा गुळगुळीत, हे कॉम्बिनेशन पण छान चालतं, कारण सायकल पडते ती पुढचं चाक घसरल्यावर.

पैसे खर्च करायचे तर साइडवॉलवर करा. एकाच टायरचं हलकं आणि मजबूत असं दोन्ही मॉडेल बऱ्याच कंपन्या देतात. बेसाल्टची खडी तुमच्या रोजच्या रस्त्यात असेल तर मजबूतच घ्या, वजन थोडं वाढेल, वाढू दे. एक टायर साइडवॉलला चिरला की काही हजार गेले आणि वर घर लांब.

पायरी ५: ट्यूबलेस करायचं का

हो. महाराष्ट्रात ट्यूबलेसच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाभळीचे काटे. पाणंदीच्या कडेला शेतकरी काट्यांचं कुंपण घालतात, कालव्याकडेला वेडी बाभूळ माजलेली असते आणि माळावर सराटा. ट्यूबवर एका राइडमध्ये दोन-तीन पंक्चर सहज होतात, ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक बुजवणारं पातळ द्रव) असला तर काटा घुसतो, थोडी हवा जाते आणि भोक बुजतं.

यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस रेडी लागतात. रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसेल, तर जास्त सावध राहा: त्यावर फक्त ट्यूबलेस टायरच आणि तोही कंपनीने चालेल म्हणून सांगितलेलाच लावायचा, आणि ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीच जायचं नाही. ७०० × ४० ला साधारण ६० मिली सीलंट घाला. आपल्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी घालून बघा आणि कमी वाटला तर अजून टाका.

टायर बसवताना बाणाची दिशा बघा आणि टायरवरचं नाव व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणा. पुढे कधी ट्यूब टाकावी लागली आणि ती पंक्चर झाली तर ट्यूबच्या भोकावरून टायरमध्ये काटा नेमका कुठे आहे ते लगेच सापडतं.

पायरी ६: हवा

इतकं सगळं करून लोक ६० पीएसआय भरतात आणि म्हणतात टायर कडक आहे. ७०-७५ किलोचा माणूस, ४० मिमी ट्यूबलेस, तर पुढे ३० आणि मागे ३३-३४ पासून सुरू करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच-सहा वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. ४५-४७ चा टायर असेल तर तीन-चार कमी. वजन जास्त असेल किंवा मागे सामान बांधलं असेल तर वाढवा, मुख्यतः मागे.

मग ओळखीचा खराब तुकडा घ्या आणि तोच पुन्हा पुन्हा चालवत प्रत्येक वेळी दोन पीएसआय कमी करा. रिम दगडावर टणकन वाजली किंवा वळणावर टायर लोळतोय असं वाटलं की दोन वाढवून तिथे थांबा आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. फ्लोअर पंपाचा काटा इतक्या कमी हवेत नीट दाखवत नाही, छोटा डिजिटल गेज घेतलात तर फरक कळेल.

बाहेर पडताना सोबत एक ट्यूब, ट्यूबलेसच्या भोकात खुपसायच्या प्लगच्या पट्ट्या, हातपंप आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. साइडवॉल चिरली तर तो तुकडा आतून लावून ट्यूब टाकायची, घरापर्यंत येता येतं. शिवाय प्रेस्टा (बारीक) व्हॉल्व्हला लावायचा पितळी ॲडाप्टर, नखाएवढा असतो आणि फार महाग नाही, तो असला की कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. ट्यूब संपलीच तर तालुक्याच्या दुकानात ७०० सी मागू नका, २९ ची मागा, आणि ६५० बी वाल्यांनी २७.५ ची. एमटीबीच्या ट्यूब बऱ्याच ठिकाणी मिळतात, ४०-४५ च्या टायरमध्ये थोडी जाड पडते पण वेळ मारून नेते. फक्त व्हॉल्व्ह जाडा असेल तर तुमच्या रिमच्या भोकातून तो जात नाही, म्हणून पैसे देण्याआधी तिथेच लावून बघा.