नदीचा दिवस: स्थानिक रेडिओवर दिवसभराचे बोलके कार्यक्रम कसे आखावेत

पावसाळ्यातील एखादा दिवस गाणी बाजूला ठेवून केवळ बोलक्या कार्यक्रमांना द्यावा, असे एखाद्या सामुदायिक रेडिओ केंद्राने किंवा आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांनी ठरवले, की पहिली बैठक बहुधा विषयांच्या यादीवरच संपते. आरोग्य, शेती, शिक्षण, महिला, ज्येष्ठ नागरिक अशी खाती पाडली जातात आणि प्रत्येक खात्याला अर्धा तास वाटून दिला जातो. अशी आखणी कागदावर नीट दिसते. परंतु ती ऐकणाऱ्याच्या दिवसाशी जुळत नाही. आरंभ श्रोत्याच्या दिवसापासून करावा. बोलणे ऐकणारा माणूस बहुतेक वेळा हाताने काहीतरी करत असतो, आणि त्याच्या हातांना कोणते काम आहे यावरून त्याचे कान किती मोकळे आहेत हे ठरते.

उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यातील ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातील एक दिवस घेऊ, आणि दिवसाचा विषय कृष्णेचे पाणी हा ठेवू. एकच विषय दिवसभर पुरेल का, अशी शंका येईल. पण पाण्याइतका दुतोंडी विषय या जिल्ह्यात दुसरा नाही. त्या आठवड्यात वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतील नदीकाठची गावे व सांगली शहर तेथील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि त्याच वेळी जत व आटपाडीकडील शेतकरी म्हैसाळ व टेंभू योजनांतून उचललेले पाणी आपल्या तलावात कधी येईल याची वाट पाहत असतात. टेंभूचे पाणी उचलले जाते सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्यात, म्हणजे विषय एका जिल्ह्याच्या सीमेत मावतही नाही. दिवसाच्या आखणीत या दोन्ही बाजूंचे आवाज नसतील, तर अर्ध्या श्रोत्यांना तो दिवस आपला वाटणार नाही.

आता घड्याळ. पहाटे सहा ते साडेसात ही वेळ गोठ्याची, दूध संकलन केंद्रावरील रांगेची आणि कामाला निघण्याच्या गडबडीची असते. या वेळेत पाच मिनिटांपेक्षा लांब काहीही ठेवू नये. पावसाचा अंदाज, धरणांची स्थिती, पुलाजवळची पातळी आणि बंद असलेले रस्ते, एवढे आलटून पालटून सांगावे आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा सांगावे, कारण सव्वासहाला ऐकणारा माणूस साडेसहाला उठून गेलेला असतो आणि त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. दुपारी बारा ते दोन हा काळ, माझ्या मते, बोलक्या कार्यक्रमांसाठी सर्वांत चांगला असून तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. भांगलणीला गेलेल्या बायका बांधावर जेवायला बसतात, घरात वृद्ध माणसे एकटी असतात, दुकानात गिऱ्हाईक नसते. वीस-पंचवीस मिनिटांची मुलाखत, आठवणी सांगणारे भाषण, वैद्यकीय सल्ला यांना हीच वेळ द्यावी. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शेतीची चर्चा आणि रात्री जेवणानंतर, आठच्या पुढे, सावकाश ऐकण्याचे एखादे दीर्घ व्याख्यान किंवा रूपक, म्हणजे निवेदन, संवाद आणि ध्वनी गुंफलेला कार्यक्रम, ठेवावे. मधल्या वेळा फार ताणू नयेत. दुपारचे कार्यक्रम चारनंतर पुनःप्रसारित केले तरी चालतात.

सामुदायिक केंद्रांनी आखणीच्या वेळीच एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करता येतात. हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती मात्र सांगता येते, आणि नदीच्या दिवसाला लागते ती नेमकी हीच. म्हणून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि पाटबंधारे विभाग यांच्याकडून माहिती कोण, किती वाजता आणि कोणत्या स्वरूपात देणार, हे आधीच्या आठवड्यात लेखी ठरवून घ्यावे. आयत्या वेळी फोन करून मिळालेली माहिती ज्याने दिली त्याच्या नावावर सांगता येत नाही, आणि नाव-हुद्दा नसलेली माहिती पुराच्या दिवसांत न दिलेली बरी.

कानासाठी लिहिणे

भाषण देणाऱ्या तज्ज्ञाला केवळ विषय आणि वेळ कळवून थांबू नये. बहुतेक माणसे लेख लिहून आणतात, आणि लेख वाचला की तो लेखच ऐकू येतो. त्यांना सांगावे की मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द धरा, म्हणजे पाच मिनिटांसाठी पाच-सहाशे शब्द पुरेत. लिहून झाल्यावर घड्याळ लावून मोठ्याने वाचा, आणि जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडा. वाचकाला मागचे पान उलटून पाहता येते, श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून ‘वर उल्लेखिलेल्या’, ‘अनुक्रमे’, ‘पूर्वोक्त’ असे शब्द रेडिओवर निरुपयोगी असतात. नाव पुन्हा घ्यावे, संकोच करू नये.

आकड्यांबाबत तर फारच जपावे लागते. कृष्णेच्या उपनदीवरील कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, हे वाक्य बरोबर आहे; पण एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, हे सांगूनही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. त्याऐवजी ‘धरण पाऊण भरले आहे’ असे म्हटले, तर ते लगेच कळते. क्युसेकचेही तसेच आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे ५०,००० क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर पाणी. हा हिशेब दिवसातून एकदा, सावकाश, समजावून सांगावा आणि पुढे केवळ विसर्ग वाढला की कमी झाला आणि त्याचा परिणाम आपल्या गावाजवळ किती तासांनी दिसेल, एवढेच पाटबंधारे अभियंत्याकडून वदवून घ्यावे. पातळी सांगताना मात्र आकडा नेमका असलाच पाहिजे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीकरांची सगळी मोजमापे या तीन आकड्यांशी जोडलेली आहेत, त्यामुळे आजची पातळी सांगताना ती इशारा पातळीपेक्षा किती खाली किंवा वर आहे हे जोडूनच सांगावे, आणि ती कितीच्या ठोक्याला मोजलेली आहे हे कधीही गाळू नये.

मायक्रोफोनसमोर

सांगलीला नाटकाची मोठी परंपरा आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच मराठी नाटकाचा प्रयोग केला. त्यामुळे केंद्रावर येणाऱ्या उत्साही मंडळींत रंगभूमीवर वावरलेले आवाज पुष्कळ असतात, आणि त्यांचे उच्चार स्वच्छ असल्यामुळे ते आपल्याला हवेही असतात. परंतु शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची त्यांची सवय येथे मोडावी लागते, कारण मायक्रोफोन वीतभर अंतरावर असतो आणि श्रोता त्याहून जवळ. तोंड मायक्रोफोनच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावे, म्हणजे प, फ, भ या अक्षरांचे फटके बसत नाहीत. कागद एकाच बाजूने लिहिलेले आणि सुटे असावेत, टाचलेले नसावेत. पंखा बंद करावा. ‘श्रोतेहो’ या संबोधनाला माझी हरकत नाही, परंतु त्यानंतरचे बोलणे एका माणसाशी असावे; सभेला उद्देशून केलेले भाषण स्वयंपाकघरात एकटी ऐकणाऱ्या बाईला परके वाटते.

मुलाखत

दिवसाचा प्राण मुलाखतींत असतो, म्हणून तयारीचा निम्मा वेळ त्यांनाच द्यावा. अधिकारी आणि प्राध्यापक सहज मिळतात. नदी ज्यांना रोज दिसते ती माणसे शोधावी लागतात. नावाडी, काठावरचा कुंभार, पुलाजवळ चहाची टपरी चालवणारा, गळिताचा ऊस दोनदा पाण्याखाली गेलेला शेतकरी, आणि दुसरीकडे जत तालुक्यात टँकरची वेळ सांभाळून सारे घर चालवणारी सून, अशा माणसांना स्टुडिओत बोलावण्यापेक्षा आपण त्यांच्याकडे जावे. स्टुडिओच्या जाड दारापाशीच त्यांची अर्धी भाषा गळून पडते, आणि मग ती वर्तमानपत्रासारखे बोलू लागतात. ओसरीवर बसून, आधी यंत्र बंद ठेवून, काका, मावशी, दादा असे गावात जे चालते तेच संबोधन वापरून बोलावे. यंत्र कधी सुरू करतो आहोत हे स्पष्ट सांगावे आणि बोलणे संपल्यावर ते प्रसारित करण्याची परवानगी पुन्हा एकदा विचारावी. निघण्यापूर्वी कोणीही न बोलता एक मिनिटभर त्या जागेचा आवाज मुद्रित करून घ्यावा, कारण संपादन करताना दोन तुकड्यांच्या मधली फट त्यानेच भरून निघते.

प्रश्न लहान असावा आणि त्याचे उत्तर घटनेच्या स्वरूपात यावे. ‘पुराविषयी आपल्याला काय वाटते?’ या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नसते. ‘पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा तुम्ही आधी काय उचलले?’ असे विचारले की माणूस पाहिलेले सांगू लागतो. मात्र ज्यांचे माणूस पाण्यात गेले आहे त्यांना तो प्रसंग उकरून सांगायला कधीही लावू नये. त्यांनी आपणहून सांगितला तर मध्ये बोलू नये, आणि आवाज दाटून आला तर तो भाग प्रसारणात ठेवायचा की नाही हे त्यांनाच विचारावे. रडण्याचा आवाज वापरून कार्यक्रम परिणामकारक करणे मला अत्यंत गैर वाटते. कोणत्याही मुलाखतीत दर सात-आठ मिनिटांनी, बोलण्याचा ओघ न तोडता, कोण बोलत आहे आणि कशाविषयी, हे निवेदकाने सांगावे. जतकडील काठाच्या गावांत अनेक घरांत कानडी बोलली जाते. तेथील माणसाला मराठीत बोलायचा आग्रह न करता त्याचे कानडी बोलणे दोन-तीन वाक्ये तसेच ठेवून त्याखाली मराठी निवेदन द्यावे, आणि महत्त्वाच्या सूचना कानडीतूनही सांगाव्यात.

संध्याकाळची चर्चा आखताना एका जुन्या प्रयोगाचा आधार घेता येतो. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेल्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यातील गावेही होती. गावातील मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत, आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. आज त्यासाठी टपालाची वाट पाहावी लागत नाही. चार गावांत दहा-पंधरा जणांचे गट आधी ठरवावेत, त्यांना साडेसहाची चर्चा एकत्र ऐकायला सांगावी, आणि सातनंतर श्रोत्यांचे फोन थेट घेण्याच्या फोन-इन कार्यक्रमात पहिले चार फोन या गटांचेच घ्यावेत. एकट्याने केलेला फोन बहुधा तक्रार घेऊन येतो. चर्चा करून आलेला प्रश्न बहुतेक वेळा अधिक नेमका असतो. फोन जोडण्याआधी दुसऱ्या सहकाऱ्याने बोलणाऱ्याला प्रश्न एका वाक्यात विचारायला सांगावे आणि घरातील रेडिओ बंद करायला लावावा, अन्यथा आवाज घुमतो.

आखणी मोडण्याची वेळ

हा विभाग वापरावा लागू नये, पण तो लिहून भिंतीवर लावलेला असावा. पाणी इशारा पातळी ओलांडून वाढत असेल, तर दिवसाचा आलेख सोडून द्यावा आणि दर अर्ध्या तासाला एक ठरावीक निवेदन द्यावे: पातळी, मोजल्याची वेळ, माहिती देणारे कार्यालय, बंद रस्ते, उघडलेली निवारा केंद्रे, आणि पुढचे निवेदन किती वाजता होईल. त्यात विशेषणे नसावीत. अफवा कानावर आली तर ती खोडून काढण्यासाठीही उच्चारू नये, कारण अर्धवट ऐकणाऱ्याच्या लक्षात अफवाच राहते. धरणाची त्या क्षणाची खरी स्थिती संबंधित अभियंत्याच्या आवाजात द्यावी. मुद्रित मुलाखती पूर्णपणे काढू नयेत, निवेदनांच्या मध्ये त्यांचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे लावावेत. मागील पुरात घर सोडताना काय बरोबर घेतले, जनावरे कधी हलवली, हे शेजारच्या गावातील माणसाच्या तोंडून ऐकले, तर निघायला कचरणारे निघतात. वीज जाईल हे गृहीत धरून बॅटरी, जनरेटरचे इंधन आणि किमान दोन तासांचे मुद्रित साहित्य वेगळ्या उपकरणावर तयार ठेवावे.

दिवस संपल्यावर प्रसारित कार्यक्रमांचे मुद्रण तीन महिने जपून ठेवणे सामुदायिक केंद्रांना बंधनकारकच आहे. नदीच्या दिवसाचे मुद्रण मात्र गाव, व्यक्तीचा व्यवसाय आणि विषय अशी नोंद करून कायमचे ठेवावे. फोनवर आलेल्या आणि वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची वही त्याच रात्री पूर्ण करावी, दुसऱ्या दिवशी ते प्रश्न संबंधित कार्यालयाकडे लेखी पाठवावेत आणि उत्तरे पुढच्या आठवड्यात त्याच वाराला, त्याच वेळेला, प्रश्न विचारणाऱ्याच्या गावाचे नाव घेऊन द्यावीत. एखाद्या प्रश्नाला उत्तर आले नसेल, तर ते आलेले नाही हेही त्याच वेळेला सांगावे.