मुलांचं बाथरूम: घासण्याआधी कोरडं करा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टू बीएचकेत दोन बाथरूम आहेत. त्यातलं कॉमन बाथरूम म्हणजे आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, आजी, येणारेजाणारे पाहुणे आणि पाणीकपातीसाठी भरून ठेवलेले दोन ड्रम. एवढं सगळं जेमतेम चार फूट रुंदीत. मी दर रविवारी तासभर घाम गाळून ते घासायचे आणि बुधवारी पुन्हा बुळबुळ हजर. बऱ्याच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. बुळबुळ, फटींतले काळे ठिपके, नळावरचे पांढरे डाग, कुबट वास, या सगळ्याच्या मुळाशी साचून राहिलेलं पाणी होतं. त्यामुळे आता आमच्याकडे सुरुवात ब्रशने होत नाही, वायपरने होते.

पहिलं काम: पाणी ओढणे

एक छोटा वायपर मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली हुकाला टांगा. सकाळी शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंतीचं खालचं हातभर आणि मग लादी ओढायची, कोपऱ्यापासून जाळीकडे. दोन मिनिटं लागतात. धाकटीला ओट्यावरचा इवलासा वायपर दिलाय. ती पाणी ओढते की पसरवते हा वादाचा मुद्दा आहे, पण सवय लागतेय. बिल्डरने लादीला उलटा उतार दिला असेल (आमच्याकडे दिलाय), तर पाणी ज्या कोपऱ्यात थांबतं तिथे एक जुनं फडकं फिरवावंच लागतं.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवा आणि दार थोडं उघडं ठेवा. दार घट्ट लावलं तर पंख्याला आत ओढायला हवाच मिळत नाही. पावसाळ्यात ठाण्याची हवाच इतकी दमट असते की डक्टकडच्या खिडकीवर भिस्त ठेवून चालत नाही. त्या चार महिन्यांत ओले टॉवेल बाथरूममध्ये वाळत घालणं तर साफ बंद.

मग जमिनीवरच्या वस्तू उचला

शाम्पूची बाटली लादीवर ठेवली की तिच्या बुडाखाली चिकट वर्तुळ तयार होतं. म्हणून सगळं भिंतीवरच्या मांडणीत. मुलांची खेळणी जाळीच्या पिशवीत घालून नळाला लटकवा, म्हणजे निथळतात. दाबली की चूं करणारी रबरी बदकं मात्र एकदा कापून बघाच. आमचं बदक आतून काळं निघालं. आत शिरलेलं पाणी वाळत नाही आणि बुरशी धरते. आता भोक असलेलं खेळणं अंघोळीला येत नाही.

कमोड: वास नेमका कुठून येतो

इथे जरा थांबू या, कारण लहान मुलगा असलेल्या घरात खरी लढाई इथलीच. भांडं चकचकीत असतं, तरी वास जात नाही. नेम चुकलेले थेंब तीन ठिकाणी लपतात: सीटच्या बिजागरीत, सीटच्या खालच्या रबरी ठोकळ्यांभोवती आणि कमोड लादीला टेकतो त्या सांध्यात. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि तोच नाकाला झोंबतो. वरून सुगंधी फिनाईल ओतलं की मोगऱ्याच्या वासाची मुतारी होते, बाकी काही नाही.

आठवड्यातून दोनदा असं करा. आधी साध्या पाण्याने हे तिन्ही भाग भरपूर धुवा. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन जुन्या टूथब्रशने बिजागरी आणि सांधा घासा, धुवा, पुसून कोरडं करा. सीटचे स्क्रू सहसा खालून हाताने सैल होतात. महिन्यातून एकदा सीट पूर्ण काढून धुतली, तर आत काय काय सापडतं ते पाहून तुम्ही पुन्हा कधी आळस करणार नाही. मुलाला मात्र ओरडून काही होत नाही, स्वानुभव आहे. पाय टेकायला एक बुटकं स्टूल द्या आणि बसून करायला शिकवा.

भांड्याच्या आतल्या पिवळ्या थरासाठी टॉयलेट क्लीनर कडेखाली सोडून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा. लगेच फ्लश केलं तर पैसे पाण्यात, अक्षरशः.

एक गोष्ट कधीच करू नका

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेकदा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अमोनियावर ब्लीच पडलं तरी विषारी वायू होतो, म्हणून वर ‘आधी पाण्याने धुवा’ म्हटलं. एका वेळी एकच वस्तू वापरा, दार उघडं ठेवा, आणि मुलं बाहेर. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मिळणारं सुटं अ‍ॅसिड घरात आणूच नका. लहान मुलाला बाटली कळते, आतलं कळत नाही. शिवाय ते टाईल्सच्या फटीही खातं.

नळ आणि शॉवरवरचे पांढरे डाग

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे हे ठरलेलंच. हे कॅल्शियमचे क्षार असतात, ते साबणाने निघत नाहीत, आंबटाने निघतात. तांब्याभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून फडकं भिजवा, नळाला पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग धुऊन पुसा. शॉवरचं तोंड त्याच पाण्याच्या पिशवीत अर्धा तास बुडवा. फळी कडाप्पा किंवा संगमरवराची असेल तर तिच्यावर आंबट सांडू देऊ नका, दगड कायमचा डागाळतो. व्हिडिओत दाखवतात तसं सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी.

जाळी, ड्रम, बादली

नहाणीची जाळी आठवड्यातून एकदा उचलून केस काढा. न वापरलेल्या बाथरूममधून गटाराचा वास आला तर जाळीत तांब्याभर पाणी ओता. खालच्या वाकात पाणी उभं असतं तोवरच वास अडतो. सुट्टीत गावाहून परतल्यावर हे हमखास लागतं.

ड्रमला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासायला हवा. डेंग्यूचा डास बहुतेकदा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. रांगतं मूल घरात असेल तर भरलेली बादली एकटी सोडू नका. वीतभर पाण्यातही मूल बुडतं.

फ्लशआधी झाकण लावायचं, हे एवढंच आमच्या मोठ्याला अजून जमत नाही. दारावर कागद चिकटवून पाहिला. त्याने त्यावर डायनासोर काढून ठेवलाय, तोही झाकण न लावणारा.