कंट्री गिटारचा डिले: पत्र्याच्या हॉलमध्ये किती, मैदानात किती

खान्देशात स्टेजवर ‘इको’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मिक्सरवरचा नॉब, ज्यानं गायकाचा आवाज पार गावच्या वेशीपर्यंत घुमतो. कंट्री (अमेरिकी लोकवळणाचं संगीत) गिटारला लागणारा डिले, म्हणजे सूर जरा उशिरा पुन्हा ऐकवणारा इफेक्ट, तो नव्हे. इथे मूळ सुरामागे एकच प्रतिध्वनी येतो, तोही लगेच आणि जरा मळकट. याला स्लॅपबॅक म्हणतात. 1950 च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत तो टेप मशीनवर काढत. रेकॉर्ड करणाऱ्या हेडपासून वाजवणाऱ्या हेडपर्यंत जायला टेपला लागणारा वेळ, साधारण 130 ते 140 मिलिसेकंद, हाच तो डिले.

आधी डिले बंद ठेवून आवाज जमवा. टेलिकास्टर (फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) असेल तर ब्रिज पिकअप (घोडीजवळचा), अँप स्वच्छ. सूर कानाला टोचत असेल तर ट्रेबल आत्ताच उतरवा; डिले लावल्यावर तो दोनदा टोचतो.

मग फीडबॅकचा नॉब (काही पेडलवर त्याला रिपीट किंवा रीजेन म्हणतात) पूर्ण डावीकडे फिरवा, म्हणजे प्रतिध्वनी एकदाच येईल. टाइम 120 मिलिसेकंद. मल्टी-इफेक्ट्सवर (एकाच पेटीत अनेक इफेक्ट) आकडा पडद्यावर दिसतो. बॉसच्या डीडी-3 या डिले पेडलवर मोड 200 मिलिसेकंदांवर ठेवा आणि टाइमचा नॉब मधोमध आणा. नॉबवर आकडेच नसतील तर मोबाइलवर मेट्रोनोम 125 बीपीएमला (मिनिटाला 125 ठोके) लावा आणि एका ठोक्याचे चार भाग ऐकू येतील असं करा. प्रत्येक टिकमध्ये बरोबर 120 मिलिसेकंद असतात. डाव्या हातानं तारा दाबून एका टिकवर ‘चट्’ वाजवा. प्रतिध्वनी पुढच्या टिकवर पडला की झालं.

आता मिक्स, म्हणजे मूळ सुरात प्रतिध्वनी किती मिसळायचा, तो कितला? शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला लागला की तिथून थोडं मागे या. बहुतेक वेळा नॉब पाव ते एक तृतीयांश यांच्या मध्ये कुठेतरी थांबतो. वाजवताना डिले जाणवू नये, पण पेडल बंद केल्यावर गिटार एकदम बोडकी वाटावी. डिजिटल पेडलचा प्रतिध्वनी मूळ सुराइतकाच लख्ख असतो. टोन किंवा हाय-कटचा नॉब असेल तर तो उतरवा. अ‍ॅनलॉग पेडलवर हे आपोआप होतं, म्हणून स्लॅपबॅकसाठी तेच बरं.

चिकन-पिकिंग (तारा बोटानं चटचट उचलून, मधेच दाबून वाजवणं) करताना मात्र 120 मिलिसेकंदांचा आकडा फसवतो. 120 बीपीएमच्या गाण्यात सोळाव्या भागाचे (एका ठोक्यात चार) सूर 125 मिलिसेकंदांच्या अंतरानं येतात. प्रतिध्वनी नेमका पुढच्या सुरावर जाऊन बसतो आणि दाबलेल्या तारेचा तो कोरडा टकटकाट गिळून टाकतो. तिथे टाइम 80-90 वर आणा. 50 च्या खाली गेलात तर प्रतिध्वनी न राहता दोन गिटारी एकत्र वाजल्यासारखं होतं.

संथ गाण्यात पेडल स्टीलसारखे (पायानं सूर चढवता येणारी आडवी गिटार) बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, घ्यायचे असतील तर 350 ते 450 मिलिसेकंद, दोन-तीन आवर्तनं आणि मिक्स अगदी कमी. मिक्स वाढलं की बेंडच्या आधीचा सूर मागून येऊन नव्या सुराशी भांडतो आणि ऐकणाऱ्याला तुम्हीच बेसूर वाटता. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी लावा, म्हणजे पाय उचलला तरी शेपूट पूर्ण होतं. कॉम्प्रेसर (आवाज एकसारखा ठेवणारा) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा) हे पेडलही डिलेच्या आधीच.

इंग्लिश कंट्री गिटारवादक अल्बर्ट ली ज्यासाठी प्रसिद्ध आहे ती करामत वेगळी. 45,000 ला बीपीएमनं भागा, म्हणजे पाऊण ठोक्याचा डिले मिळतो. 120 ला 375 मिलिसेकंद येतात. एकच आवर्तन, पण आवाज मूळ सुराएवढाच. तुम्ही आठव्या भागाचे (एका ठोक्यात दोन) सूर सरळ वाजवायचे, मधल्या जागा पेडल भरतं. यात लय दगडासारखी हवी. आपल्याकडे वरात नाचायला लागली की ढोलकीवाला लय चढवणारच. 120 ची 126 झाली तर आकडा 357 हवा. 375 वरच राहिलात तर प्रत्येक प्रतिध्वनी 18 मिलिसेकंद उशिरा पडतो आणि सगळं लंगडतं. टॅप टेम्पो (पायानं ठोके देऊन डिलेची लय बदलण्याची सोय) नसेल तर गपचूप स्लॅपबॅकवर या. गाणं सहा मात्रांच्या चालीचं असेल तर हे गणित तसंही बसत नाही.

आता जागेचं. ध्वनी उन्हाळ्यात सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. मंगल कार्यालयाची समोरची भिंत स्टेजपासून 20 मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सुमारे 114 मिलिसेकंद लागतात. म्हणजे स्लॅपबॅक तुम्हाला फुकटातच मिळतो. वर पत्र्याचं छत असेल तर आणखी कल्लोळ. अशा हॉलमध्ये मिक्स नेहमीच्या निम्म्यावर आणा, नाहीतर पेडल बंदच ठेवा. मोकळ्या मैदानात परत येणारं काहीच नसतं. तिथे मिक्स एक तृतीयांशाच्याही जरा वर चालतं. दोन्हीकडे साउंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की गिटारच्या चॅनलचा इफेक्ट शून्यावर हवा. स्लॅपबॅकवर मिक्सरचा इको चढला की लगदा होतो.

पेडलला 9 व्होल्टचा, मधला पिन ऋण असलेलाच अडाप्टर लावा. घाईत शेजारच्या कीबोर्डचा उचलू नका. तो बऱ्याचदा 12 व्होल्टचा आणि पिन उलट असलेला असतो, पेडल जळतं.

साउंड चेक रिकाम्या हॉलमध्ये होतो. वऱ्हाडी येऊन बसले की माणसं आवाज शोषून घेतात, हॉलचा घुमारा उतरतो. म्हणून चेकला मिक्स मुद्दाम कमी ठेवा आणि पहिल्या गाण्यानंतर गरज वाटली तर किंचित वाढवा.