अधिपरिचारिकेच्या पदावरच अडकलात? आधी सेवापुस्तक मागा

सरकारी रुग्णालयात बढतीची शिडी आखूड आहे: अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर), सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन). वरच्या जागा मोजक्याच, त्या निर्माण करणं आपल्या हातात नाही. पण नंबर लागूनही नाव मागे पडतं, तेव्हा बहुतेकदा कागद अडलेला असतो.

आस्थापना शाखेत सेवापुस्तक, म्हणजे आपल्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, मागा. वर्षातून एकदा ते पाहून सही करायची असते. घाईत न वाचता सही केली की चूक पक्की होते. पहिल्यांदा नाव पाहा. नर्सिंग परिषदेच्या नोंदणीत माहेरचं, सेवापुस्तकात सासरचं, जात वैधता प्रमाणपत्रात पुन्हा माहेरचं, हा घोळ ऐन बढतीच्या वेळी वर येतो. राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्याची प्रत सेवापुस्तकाला जोडायला लावा. मग या नोंदी तपासा: विनावेतन रजा, स्थायित्व (नोकरीत कायम झाल्याची नोंद), एमएससीआयटी (संगणकाचं प्रमाणपत्र), नोंदणीचं नूतनीकरण, नंतर केलेलं पोस्ट बेसिक (मूळ नर्सिंगनंतरचं पुढचं शिक्षण). तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की हरकत मुदतीत, लेखी द्या आणि आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा कार्यालयाचा नंबर) घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

बढती नाही मिळाली तरी आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी असते. तिचा प्रस्ताव परत येतो तो एखाद्या वर्षाच्या गोपनीय अहवालापायी (वरिष्ठांनी दरवर्षी लिहायचा कामाचा अहवाल): मेट्रन बदलून गेल्या, अहवाल लिहायचा राहिला. म्हणून स्वयंमूल्यमापन एप्रिलमध्येच भरून द्या, पोच जपा.

पगार मार्गी लागूनही कामात मन लागत नसेल, तर ते दुखणं वेगळं. महिनाभर प्रत्येक ड्युटीनंतर एक ओळ लिहा: रुग्णाजवळ किती वेळ, रजिस्टर आणि इंडेंटमध्ये (औषध-साहित्याच्या मागणीपत्रात) किती, वैताग कशाचा. नाईटच्या नोंदी वेगळ्या ठेवा. जागरणात सगळंच वाईट दिसतं. वैताग मनुष्यबळाच्या तुटवड्याचा निघाला तर वॉर्ड बदलून काही होत नाही, तिथेही दोघींचं काम एकीवरच. तेच ते करण्याचा कंटाळा असेल तर एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष), डायलिसिस किंवा ओटी (शस्त्रक्रियागृह) मागा. सहा महिने तिथे काढा, रमलात तरच त्या विषयाचा 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करा. एम.एस्सी. सरसकट करू नये. ती प्रामुख्याने शिकवण्याकडे नेते, आणि खाटेपाशी रमणारीला वर्गात करमत नाही.

अर्जात ‘कंटाळा आला’ लिहू नका. कोणता विभाग, कोणत्या तारखेपासून, तिथलं कोणतं काम आजच येतं, एवढंच लिहा.