वाळूज ते नांदेड: दोन सर्व्हरवरचा डेटा सारखा ठेवताना

आमचा मुख्य सर्व्हर वाळूज एमआयडीसीत, दुसरा नांदेडच्या शाखेत. शेअर फोल्डरमध्ये ड्रॉइंग आणि तपासणीचे फोटो मिळून ४ टेराबाइट डेटा आहे. दोन्हीकडे लिनक्स असल्यामुळे मी आरसिंक (rsync, दोन ठिकाणचे फोल्डर सारखे ठेवणारं साधन) वापरतो.

पहिली कॉपी इंटरनेटवरून करायच्या फंदात पडू नका. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ४ टेराबाइटला सात दिवसांहून जास्त लागतात, आणि आठवडाभर लाइन न तुटता चालेल याची खात्री कोण देणार? सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेल्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि माणसाच्या हाती तपोवन एक्सप्रेसने नांदेडला धाडा. कॉपी करताना फायलींच्या तारखा मात्र जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. आरसिंक आधी आकार आणि बदलाची वेळ बघतो. वेळ जुळली नाही की प्रत्येक फाइल नव्याने तपासत बसतो.

त्यानंतर रोज रात्री फक्त बदल पाठवायचे. इथे बरेच जण नांदेडचा फोल्डर वाळूजच्या सर्व्हरवर माउंट करतात (म्हणजे इथलाच असल्यासारखा जोडतात) आणि त्यावरच आरसिंक चालवतात. त्यात सगळा फायदाच जातो. आरसिंकला दोन्ही फोल्डर एकाच मशीनवरचे वाटतात आणि बदललेली फाइल तो अख्खीच ढकलतो. ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी १९९६ मध्ये हे साधन आणलं ते मुळात मंद लाइनसाठी: नांदेडच्या फाइलचे तुकडे पाडून त्यांचे चेकसम (तुकड्यातल्या मजकुरावरून काढलेले छोटे आकडे) वाळूजला येतात, आणि न जुळलेला भाग तेवढा जातो. त्यासाठी आरसिंक दोन्ही टोकांना चालायला हवा. म्हणून एसएसएचवरूनच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) चालवा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, 'डिलीट' पर्याय. इकडे काढलेली फाइल तिकडूनही काढायला तो लागतोच. पण वीज गेली, सर्व्हर परत चालू झाला आणि डेटाची डिस्क माउंटच झाली नाही, तर फोल्डर असतो पण रिकामा. आरसिंक इमानदारीने नांदेडही रिकामं करील. उपाय सोपा आहे: डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा, आणि ती दिसली तरच स्क्रिप्टने पुढे जायचं. शिवाय 'मॅक्स-डिलीट' लावून एका रात्रीत किती फायली काढता येतील याला मर्यादा घाला. स्क्रिप्टमध्ये बदल केला की आधी 'ड्राय-रन' (प्रत्यक्ष काही न बदलता नुसती चाचणी) करून यादी डोळ्याखालून घाला.

विंडोज असेल तर रोबोकॉपी, हे त्यातलंच कॉपीचं साधन. त्यात पुन्हा प्रयत्नांची मूळ संख्या १० लाख आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबणं असतं. कुणी एक फाइल उघडी ठेवली तर काम तिथेच अडकतं. आर (प्रयत्नांची संख्या) आणि डब्ल्यू (थांबण्याचे सेकंद) हे दोन्ही आकडे स्वतः लहान करून द्या.

आणि एकाच फोल्डरमध्ये दोन्ही ऑफिसांनी लिहायचं नाही. ड्रॉइंगचा फोल्डर वाळूजचा, तपासणीचा नांदेडचा. दुसऱ्या बाजूला फक्त वाचायची परवानगी. हे मॅनेजरकडून लेखी घ्या, आणि मगच क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) लावा.