सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षेची तयारी : मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

केंब्रिजच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजीच्या परीक्षेसाठी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या हातात पहिल्या दिवशी अवघड शब्दांची एक लांबलचक यादी असते, आणि ती बाजूला ठेवा असे सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो. ही परीक्षा दुर्मीळ शब्द किती पाठ आहेत हे पाहत नाही. नेहमीचा शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो आणि कोणत्या प्रसंगी वापरला जातो, हे ती पाहते. मराठीत आपण पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणते म्हणतो. मुसळधार थंडी असे लहान मूलसुद्धा म्हणत नाही. इंग्रजीतही ट्रॅफिक ‘हेवी’ असते, निराशा ‘बिटर’ असते आणि आशा ‘हाय’ असतात. हे तिन्ही शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहेत, मात्र त्यांच्या जोड्या माहीत असतातच असे नाही. या परीक्षेची निम्मी तयारी म्हणजे या जोड्यांची तयारी होय.

ही परीक्षा 1991 साली सुरू झाली आणि पुष्कळ जण तिला अजूनही ‘सीएई’ याच जुन्या नावाने ओळखतात. भाषेचे ज्ञान ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांत मोजणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीतील सी-वन ही वरून दुसरी पातळी ती तपासते. 180 गुण मिळाले की उमेदवार या पातळीवर उत्तीर्ण होतो, 200 किंवा त्याहून अधिक गुण मिळवले तर प्रमाणपत्रावर सी-टू पातळीची नोंद होते, आणि 160 ते 179 च्या दरम्यान राहिला तर बी-टू पातळीचे प्रमाणपत्र मिळते. वाचन, भाषेचा वापर, लेखन, श्रवण आणि संभाषण या पाच अंगांना समान वजन असून अंतिम गुण हे त्यांची सरासरी असतात. प्रत्येक अंगात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत नाही, त्यामुळे एका अंगाची पडती बाजू दुसऱ्याने सावरता येते. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही हा या परीक्षेचा मोठा फायदा आहे, कारण आयईएलटीएस या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचा निकाल साधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. तरीही शुल्क भरण्यापूर्वी आपल्याला हवे असलेले विद्यापीठ किंवा कार्यालय नेमकी कोणती परीक्षा स्वीकारते आणि किती जुने प्रमाणपत्र चालते, हे त्यांच्याकडून लेखी विचारून घ्यावे. व्हिसासाठीचे नियम विद्यापीठाच्या नियमांहून वेगळे असू शकतात.

बी-टू पातळीवरून सी-वनपर्यंत जाण्यास सुमारे 200 तासांचा मार्गदर्शनासह अभ्यास लागतो, असे केंब्रिजचे मार्गदर्शन आहे. नोकरी सांभाळून रोज दीड तास देणाऱ्या माणसाला त्यासाठी साडेचार महिने हवेत. सुरुवातीलाच अधिकृत संकेतस्थळावरील एक नमुना प्रश्नसंच घड्याळ लावून सोडवावा आणि पाचही अंगांचे गुण वेगवेगळे मांडावेत. उरलेले संच मात्र शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवावेत. दररोज एक संच सोडवत सुटणे म्हणजे रोज वजनकाट्यावर उभे राहून प्रकृती सुधारण्याची वाट पाहणे होय.

पहिली प्रश्नपत्रिका दीड तासाची असते. तिच्यात आठ भाग आणि 56 प्रश्न असून वाचन आणि भाषेचा वापर या दोन्ही अंगांची परीक्षा तिच्यातच होते. येथे एक हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. भाषेच्या वापराचे गुण दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागांतून येतात आणि ते एकूण 28 असतात. त्यांपैकी 12 गुण चौथ्या भागातील अवघ्या सहा वाक्यांना आहेत. या भागात एक वाक्य दिलेले असते आणि त्याच अर्थाचे दुसरे वाक्य, दिलेला शब्द जराही न बदलता, तीन ते सहा शब्दांत पूर्ण करायचे असते. बरेच विद्यार्थी हा भाग अवघड म्हणून शेवटी ठेवतात आणि घाईत गमावतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण मराठी माणसाला सर्वांत जास्त शिकवणारा भाग हाच आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. मूळ वाक्य असे आहे : ‘आय डिडन्ट रिअलाइज हाउ सीरियस द प्रॉब्लेम वॉज अंटिल आय रेड द रिपोर्ट.’ दिलेला शब्द आहे ‘ओन्ली’, आणि दुसरे वाक्य ‘इट वॉज’ने सुरू होऊन मध्ये गाळलेली जागा सोडते व पुढे ‘द रिपोर्ट दॅट आय रिअलाइज्ड’ असे जाते. आता हेच मराठीत म्हणून पाहा : अहवाल वाचला तेव्हाच मला कळले. आपले सारे काम त्या एका ‘च’ने केले. इंग्रजीजवळ हा ‘च’ नाही, म्हणून तिला पूर्ण वाक्याची बांधणी फिरवावी लागते : ‘इट वॉज ओन्ली व्हेन आय रेड द रिपोर्ट दॅट आय रिअलाइज्ड.’ गाळलेल्या जागी चार शब्द आले. ‘ओन्ली आफ्टर रीडिंग’ हेही बरोबर ठरेल. हाच ‘च’ आपल्या बोलण्यातील इंग्रजीत चोरपावलांनी शिरतो, आणि ‘मी तिथेच होतो’ याचे आपण ‘आय वॉज देअर ओन्ली’ असे करून टाकतो. आपल्याकडच्या कार्यालयात ते खपून जाते, परीक्षेत खपत नाही. म्हणून मराठीतील ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’, ‘तरी’ या अव्ययांची प्रत्येकी पाच वाक्ये घेऊन ती इंग्रजीत कोणत्या रचनेने उतरतात हे लिहून काढावे. या एका सरावाने चौथा भाग निम्मा हलका होतो.

यासाठी एक वही घालावी आणि तिला चुकांची वही म्हणावे. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असाव्यात : मी लिहिलेले वाक्य, बरोबर वाक्य, आणि चुकीच्या मागे दडलेली मराठी रचना. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या निबंधात ‘द स्कूल एम्फसाइज्ड ऑन डिसिप्लिन’ हे वाक्य चार वेळा दुरुस्त करूनही पाचव्यांदा आले. त्या दिवशी तिने वहीत ‘शाळेने शिस्तीवर भर दिला’ असे लिहिले आणि त्यातील ‘वर’ या अक्षरांभोवती लाल गोल काढला. त्यानंतर ती चूक पुन्हा आली नाही. भर ‘वर’ दिला जातो म्हणून आपला हात ‘ऑन’कडे जातो, ‘एम्फसिस’ या नामाला ‘ऑन’ लागते, पण ‘एम्फसाइज’ या क्रियापदाला काहीच लागत नाही. ‘च्याविषयी चर्चा करणे’ यातून ‘डिस्कस अबाउट’ येते आणि ‘कोणाशी लग्न होणे’ यातून ‘मॅरीड विथ’ येते. चूक कोठून येते हे कळले की ती टाळता येते, नुसत्या लाल रेघेने टळत नाही.

दुसऱ्या भागात गाळलेल्या जागी एकच शब्द भरायचा असतो आणि तो बहुधा लहान असतो. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ या वाक्यात इंग्रजी दोनदा ‘द’ मागते आणि मराठी एकदाही काही मागत नाही, म्हणून येथे कानाच्या भरवशावर राहू नये. तिसऱ्या भागात दिलेल्या शब्दापासून नवा शब्द घडवायचा असतो. योग्य, अयोग्य, योग्यता, अयोग्यता असे आपण करतो तसेच. उत्तर लिहिल्यावर वाक्य अर्थासाठी पुन्हा वाचावे, कारण नकारार्थी उपसर्ग राहून जाणे ही या भागातील नेहमीची चूक आहे.

वाचनाच्या उरलेल्या चार भागांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रोज एखादा मोठा इंग्रजी लेख सावकाश वाचून प्रत्येक परिच्छेदाचे मर्म मराठीत एका ओळीत लिहिण्याची सवय लावली की ते आटोक्यात येतात. पहिल्या चार भागांना 35 मिनिटे आणि शेवटच्या चार भागांना 55 मिनिटे ही वाटणी मला योग्य वाटते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नये.

लेखनाच्या दीड तासात दोन लेखन करायचे असतात, प्रत्येकी 220 ते 260 शब्दांचे. पहिला निबंध सक्तीचा असतो. तीन मुद्दे दिलेले असतात, त्यांपैकी दोन घेऊन त्यांतील कोणता अधिक महत्त्वाचा किंवा परिणामकारक हे कारणांसह ठरवायचे असते. तिन्ही मुद्दे घेऊन सर्वांना खूश ठेवण्याचा प्रयत्न केला की एकाचाही विस्तार होत नाही. शाळेतील निबंधाप्रमाणे सुभाषिताने सुरुवात करण्याची गरज नाही, आणि दोन्ही बाजू मांडून निर्णय वाचकावर सोडणे तर मुळीच चालत नाही.

दुसरे लेखन पत्र किंवा ईमेल, प्रस्ताव, अहवाल आणि परीक्षण यांपैकी दिलेल्या तीन पर्यायांतून निवडायचे असते. येथे आपल्याला अडवते ती अर्जाची भाषा. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ असे लिहीत आपण मोठे झालो आहोत, आणि तेच वळण ‘विथ रेफरन्स टू द अबव सब्जेक्ट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ अशा रूपाने इंग्रजीत उतरते. आपल्याला ते आदरयुक्त वाटते, परंतु परीक्षकाला ते ठोकळेबाज वाटण्याची शक्यता फार. हे लेखन कोण वाचणार आहे आणि ते वाचून त्याने काय करावे, ही दोन उत्तरे कच्च्या कागदावर लिहिल्याशिवाय पहिले वाक्य लिहू नये. अहवाल झालेल्या गोष्टीचा असतो, प्रस्ताव होऊ घातलेल्या गोष्टीचा असतो. एवढा भेद ध्यानात ठेवला तरी मांडणी आपोआप सुधारते. आशय, प्रसंगाला साजेशी भाषा, मांडणी आणि भाषेची अचूकता या चार निकषांवर प्रत्येकी पाच गुण असतात, म्हणजे व्याकरण हा एक चतुर्थांश भाग आहे. प्रत्येक लेखनाला दहा मिनिटे आखणी, तीस मिनिटे लेखन आणि पाच मिनिटे तपासणी असा वेळ द्यावा. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन कोणतेही चालते, पण एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ नको.

श्रवणाची परीक्षा सुमारे 40 मिनिटांची असते, प्रश्न 30 असतात आणि प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवली जाते. बोलणारा आधी एक गोष्ट सांगतो आणि मग ती फिरवतो, हा येथला नेहमीचा सापळा आहे; ‘आधी बुधवार ठरला होता, पण’ हे ऐकेपर्यंत आपण बुधवार लिहून मोकळे झालेले असतो. शेवटच्या भागात पाच व्यक्ती बोलतात आणि दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी शोधायची असतात. पहिल्या ऐकण्यात पहिला प्रश्न आणि दुसऱ्यात दुसरा, अशी वाटणी अनेक जण सुचवतात. मला ती पटत नाही, कारण मग कोणतेही उत्तर पडताळून पाहण्याची संधी उरत नाही. दोन्ही रकाने पहिल्यांदाच पेन्सिलीने भरत जावे आणि दुसऱ्या वेळी पक्के करावे. सरावासाठी मुलाखतींचे पॉडकास्ट ऐकावेत, पण खाली उमटणारी अक्षरे बंद करून. अक्षरे दिसत असली की आपण ऐकत नाही, वाचतो.

संभाषणाची परीक्षा दोन उमेदवारांची मिळून 15 मिनिटे चालते. एक परीक्षक बोलतो आणि दुसरा शांतपणे गुण देतो. दुसऱ्या भागात तीन चित्रांपैकी दोन निवडून त्यांची तुलना एका मिनिटात करायची असते. विद्यार्थी येथे चित्राचे वर्णन करू लागतात : एक माणूस आहे, त्याने निळा सदरा घातला आहे. परीक्षकाला हवा असतो तो अंदाज, आणि अंदाजाची भाषा मराठीजवळ उत्तम आहे. ‘तो थकला असेल’ आणि ‘तो थकलेला असावा’ यांतील फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पहिल्यासाठी ‘ही माइट बी टायर्ड’ आणि दुसऱ्यासाठी ‘ही मस्ट बी टायर्ड’ अशी सांगड घातली की मिनिट अपुरे पडते.

तिसऱ्या भागात दोघांनी आपसांत चर्चा करायची असते आणि तेथे आपले संस्कार आडवे येतात. जोडीदार वयाने मोठा असला की आपण मध्ये बोलत नाही, ‘येस, आय ॲग्री’ म्हणून थांबतो. सहमती झाल्यावर कारण जोडावे आणि लगेच त्यांना प्रश्न विचारावा. त्यात उद्धटपणा नाही, आणि परस्परसंवादाचे गुण त्यासाठीच असतात. ब्रिटिश धाटणीचा उच्चार मुळीच आवश्यक नाही, स्पष्ट उच्चार आवश्यक आहे. आपण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ एकाच ‘व’ने उरकतो, पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ नुसते गोल होतात. आघाताकडेही, म्हणजे शब्दाच्या कोणत्या तुकड्यावर जोर पडतो त्याकडेही, लक्ष द्यावे : ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. मोबाइलवर स्वतःचे एक मिनिट रोज ध्वनिमुद्रित करून ऐकावे; पहिले चार दिवस संकोच वाटतो, पाचव्या दिवसापासून चुका ऐकू येऊ लागतात.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही हाती घेऊ नये. संभाषणाची परीक्षा वेगळ्या दिवशी असू शकते, तेव्हा वेळापत्रक आणि मूळ ओळखपत्र आधीच पाहून ठेवावे. आदल्या संध्याकाळी फक्त चुकांची वही उघडावी आणि प्रत्येक नोंदीतील बरोबर वाक्य एकदा मोठ्याने म्हणावे.