वारा पडला की काम वाढतं

म्हादेई आणि तारिणी, नौदलाच्या दोन्ही ५६ फुटी शिडाच्या बोटी आपल्या गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या. २०१७च्या सप्टेंबरात तारिणी गोव्यातूनच जगप्रदक्षिणेला निघाली, तेव्हापासून ‘मलाही लांब जायचंय’ म्हणणारी पोरं बरीच भेटतात. सगळ्यांचे प्रश्न वादळाचे. पडलेल्या वाऱ्याचं कुणी विचारत नाही, आणि मॉरिशसला जाताना विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा तर चुकत नाही.

वारा नसला म्हणजे समुद्र सपाट असतो असं नाही. हे नीट ऐका, मला यानंच पुरतं दमवलंय. लांब कुठेतरी झालेल्या वादळाचा स्वेल, म्हणजे लांबलचक लाटा, येतच राहतो. बोट जागच्या जागी डुलते, डोलकाठीचं टोक तर कितीतरी जास्त झुलतं. शीड एका बाजूला फुगतं, मग फाडकन दुसऱ्या. दर काही सेकंदांनी, दिवसभर, रात्रभर. भरलेलं शीड वाऱ्यात इतकं झिजत नाही जितकं हे फडफडणारं झिजतं. आमच्या मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) बॅटनच्या, म्हणजे शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या, खिशाची शिवण अशीच उसवली, वर निरभ्र आकाश. स्प्रेडरला (डोलकाठीच्या आडव्या दांडीला) घासून कापड विरतं, बूमचा (शिडाखालच्या आडव्या दांड्याचा) सांधा खिळखिळा होतो.

म्हणून पुढचं शीड गुंडाळा. मेनशीट (बूम ओढायचा दोर) ताणून बूम मधोमध घ्या, प्रिव्हेंटर (बूम जागी धरणारा दोर) लावा. तरी आपटतंय? मेनसेल उतरवा. ‘राहू दे, येईल वारा’ म्हणणारे अनुभवी लोक भेटतील. शिडाचं बिल तुम्ही भरणार नसाल तरच त्यांचं ऐका. इंजिन लावून पळ काढा म्हणणारेही तेवढेच. डिझेल बॅटरी चार्ज करायला आणि बंदरात शिरायला लागतं, हे ते विसरतात.

उन्हाचं सोपं आहे, घाबरू नका. बूमवरून ताडपत्री, सकाळीच पेज, तहान लागायच्या आधी पाणी, मधूनमधून ओआरएस. डोक्यावर समुद्राचं पाणी खुशाल ओता, पण काखा आणि मांड्या नंतर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर मिठाने फोड येतात. बसवत नाही. पोहायला उतरायचंच तर शिडी खाली, मागे लांब दोर सोडलेला, आणि बोटीवर कुणीतरी जागं. एक झुळूक आली तरी बोट तुमच्यापेक्षा जोरात निघते.

क्षितिजावर काळा ढग दिसला तर शीड चढवायची घाई नको. आधी रीफ घ्या, म्हणजे शीड दुमडून लहान करा. त्या पट्ट्यात वारा येतो तो असा, एकदम. पावसाचं पाणी मात्र धरा, शिडावरचं मीठ धुऊन गेल्यावरचं.

सराव इथेच होतो. ऑक्टोबरात सकाळी मतलई (जमिनीकडचा वारा) पडतो आणि खारा (समुद्राकडचा) सुटायचा असतो, त्या मधल्या वेळेत आग्वादच्या बाहेर जा आणि डुलत्या बोटीवर मेनसेल उतरवून बांधून बघा. पोटात ढवळेल. ढवळू दे, सगळ्यांच्याच ढवळतं.